वजाबाकीत उरलेला हिमालय

एमएस्सीच्या प्रोजेक्टला असताना मी एक चूक केली होती, तिथून सुरुवात करतो. एका पावडरवर किती रंगद्रव्य चिकटलं हे काढायचं होतं. पद्धत साधी होती. आधी बाटलीचं वजन घ्यायचं, नंतर परत घ्यायचं आणि वजाबाकी करायची. काटा चार दशांश घरांचा होता. आधीचं वजन २३.४१७८ ग्रॅम आणि नंतरचं २३.४१७१ ग्रॅम. एक्सेलने फरक दिला ०.०००७ आणि त्यापुढे शून्यांची रांग लावून शेवटी एक भलताच आकडा. मी तो सगळा कॉपी केला, पुढच्या सूत्रात भागाकारासाठी वापरला आणि आलेख काढला. बिंदू असे पसरले होते की मूठभर ज्वारी फेकल्यासारखी. गाइडनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही. वहीतल्या त्या दोन वजनांवर बोट ठेवून विचारलं, "यातला कितवा अंक तुला माहीत आहे?"

सहाही अंक माहीत आहेत, असं मी म्हणणार होतो. ते खरंही होतं. पण वजाबाकी केल्यावर सहाचा एकच अंक उरला होता, ७. आणि काट्याचा शेवटचा अंक एकाने इकडेतिकडे होतोच, म्हणजे तो ७ सुद्धा ६ किंवा ८ असू शकत होता. दोन्ही वजनं लाखात एकापेक्षाही कमी चुकीची आणि त्यांचा फरक मात्र पंधरा-वीस टक्क्यांनी डळमळीत.

पेट, सेट, नेटची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की बेरीज-वजाबाकीला दशांश घरं बघायची आणि गुणाकार-भागाकाराला सार्थ अंक मोजायचे, असे दोन वेगळे नियम का? आणि संख्या घातांकी मांडणीत, म्हणजे सायंटिफिक नोटेशनमध्ये असल्या की नेमकं कुठे चुकतं? नियम पाठ करायला दोन मिनिटं पुरतात. पण तो का आहे हे मला कळलं ते आमच्या देगलूरजवळून गेलेल्या एका रेषेमुळे. त्या रेषेवर जगातली एक गाजलेली वजाबाकी झालेली आहे.

देगलूर साधारण १८.५५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथून दक्षिणेला, बिदरच्या परिसरात, दामरगिद्दा नावाचं ठिकाण आहे. त्याचा अक्षांश १८ अंश ३ मिनिटं, म्हणजे १८.०५. दोघांतला फरक ०.५० अंश, जमिनीवर साधारण पंचावन्न किलोमीटर. इथेही वजाबाकीने आपलं काम केलंच, बघा. चार सार्थ अंकांच्या दोन संख्या घेतल्या आणि हातात दोनच उरले. ०.५ लिहायचं नाही आणि ०.५००० सुद्धा नाही. ०.५० लिहायचं.

दामरगिद्द्याचं नाव भूगणिताच्या इतिहासात आहे. विल्यम लॅम्बटनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासकडून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. तीच पुढे 'ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे' झाली. तिचा कणा म्हणजे साधारण ७८ अंश रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर जाणारी त्रिकोणांची साखळी, 'ग्रेट आर्क'. लॅम्बटनने १८१५ मध्ये बिदरजवळ एक पायारेषा मोजली. तेव्हा बिदर काय नि देगलूर काय, सगळा मुलूख निजामाचाच. नागपूरकडे काम सरकवत असताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. एव्हरेस्टने १८३० मध्ये एक ग्रंथ काढला. त्याच्या शीर्षकातच दोन अक्षांश आहेत, १८ अंश ३ मिनिटं आणि २४ अंश ७ मिनिटं. पहिला दामरगिद्द्याचा आणि दुसरा मध्य प्रदेशातल्या सिरोंजजवळच्या कल्याणपूरचा. दोन्ही ठिकाणं जवळपास एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे दामरगिद्द्याहून उत्तरेला निघालेली ती साखळी देगलूरच्या बाजूनेच वऱ्हाडाकडे गेलेली आहे. शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर भूगोल जरा जास्त वाचला असता.

आता मोजणी कशी करायचे ते थोडक्यात. सपाट जागी दहा-बारा किलोमीटरची एक रेषा जिवापाड काळजीने मोजायची, ती पायारेषा. मग तिच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोण सोडवायचा, त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण आणि असं शेकडो किलोमीटर. एव्हरेस्टने पायारेषा मोजायला लॅम्बटनची पोलादी साखळी सोडून पितळ आणि लोखंड जोडलेल्या पट्ट्या आणल्या, कारण उन्हाने साखळी वाढते. दोन धातूंचं प्रसरण वेगवेगळं असल्याने पट्टीवरच्या दोन खुणांमधलं अंतर उन्हातही तेवढंच राहतं. म्हणजे ही सुद्धा एक वजाबाकीच, धातूत बसवलेली.

या पट्ट्यांनी १८४१ मध्ये बिदरची पायारेषा पुन्हा मोजली गेली. काम अँड्र्यू वॉ याच्याकडे होतं. हेतू तपासणीचा होता. सिरोंजची पायारेषा आधीच मोजलेली होती. तिथून साडेसहाशे किलोमीटर त्रिकोणांवर त्रिकोण रचत बिदरला आलं की बिदरच्या रेषेची लांबी गणितानेही निघते. गणिताची लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांचे आकडे ४१,५७८.५३६ फूट आणि ४१,५७८.१७८ फूट होते.

यांची वजाबाकी घातांकी मांडणीत करू. ४.१५७८५३६ × १०^४ वजा ४.१५७८१७८ × १०^४. घात सारखेच आहेत, म्हणून पुढच्या संख्या सरळ वजा करायच्या. ०.००००३५८ × १०^४, म्हणजे ३.५८ × १०^-१ फूट. आठ सार्थ अंकांतून पाच गेले आणि तीन उरले. अंतर ०.३५८ फूट, म्हणजे ४.२९६ इंच. साडेसहाशे किलोमीटरच्या प्रवासानंतर साधारण बारा किलोमीटरच्या रेषेत चुकलं फक्त वीतभर, किंबहुना त्याहूनही कमी.

आणि हो, इंचाचा आकडा बघा. तीन अंकी ०.३५८ ला १२ ने गुणलं आणि छापलं चार अंकी ४.२९६. सार्थ अंकांच्या नियमाने तिथे ४.३० हवं. एकोणिसाव्या शतकात हे फार कुणी मनावर घेत नसत. आपल्या पेपरला मात्र अर्धा मार्क जातो.

आता उलटं करा. ४.१५७८५३६ × १०^४ मधून ३.५८ × १०^-१ वजा करायचे आहेत. खूप जण इथे फसतात, कारण गुणाकाराचा नियम डोक्यात बसलेला असतो. एका संख्येत आठ सार्थ अंक, दुसरीत तीन, म्हणून उत्तरात तीन, ४.१६ × १०^४. म्हणजे ४१,६०० फूट. वीतभर चूक काढून टाकायला गेलो आणि बावीस फूट जोडून आलो! बरोबर पद्धत अशी: आधी दोन्ही संख्या एकाच घातावर आणायच्या. लहान संख्या मोठीच्या घातावर आणली की ती ०.००००३५८ × १०^४ होते. आता दोघांचा शेवटचा माहीत असलेला अंक कुठल्या घरात आहे ते बघायचं. दोघांचाही सातव्या घरात आहे. उत्तरही तिथपर्यंत ठेवायचं, ४.१५७८१७८ × १०^४. वजाबाकी अंकांची संख्या बघत नाही, घर बघते. कारण वजाबाकीत चूक त्याच एककात येते ज्या एककात ती मूळ संख्येत होती. फुटाचा हजारावा भाग संशयास्पद असेल तर उत्तरातही तोच संशयास्पद राहणार, मग उत्तर चाळीस हजार असो की पाव फूट. गुणाकारात चूक प्रमाणात जाते, म्हणून तिथे अंक मोजायचे. दोन नियमांमागे कारण एवढंच आहे.

घातांकी मांडणीचा धोका असा की तिच्यात घर दिसत नाही. ३.५८ आणि ४.१५७८५३६ शेजारी लिहिले की डोळा दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह जुळवतो आणि घाताकडे बघतच नाही. मी अजूनही पेन्सिलीने बाजूला साधी संख्या लिहितो. त्यात कमीपणा काही नाही.

आता मोठी वजाबाकी. दामरगिद्दा आणि कल्याणपूर यांच्याही पुढे उत्तरेला, मुझफ्फरनगरजवळ, कलियाना नावाचं ठाणं होतं. साखळी डेहराडूनपर्यंत गेली होती, पण ताऱ्यांच्या वेधासाठी एव्हरेस्टने डोंगर सोडून मुद्दाम मागची सपाट जागा घेतली. डोंगराचं वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढतं हे त्याला माहीत होतं. वऱ्हाडात सातपुड्याच्या पायथ्याकडच्या टाकळखेडा इथल्या वेधांवर त्याने आधीच तशी शंका घेतली होती. अक्षांश काढायला तारा डोक्यावरच्या सरळ रेषेपासून किती कोनावर आहे ते मोजतात आणि 'सरळ वर' म्हणजे काय हे ओळंबाच ठरवतो. ओळंबा कलला तर अक्षांश चुकला.

इथे त्याने एक गोष्ट फार हुशारीने केली. एकसारखी दोन खगोलीय वर्तुळयंत्रं घेतली आणि दोन ठाण्यांवर तेच तारे एकाच काळात बघितले, एकीकडे एव्हरेस्ट आणि दुसरीकडे वॉ. त्या ताऱ्याचं स्थान तक्त्यात थोडं चुकलेलं असलं तरी ती चूक दोन्ही ठाण्यांच्या अक्षांशात सारखीच शिरते आणि फरक घेतला की जाते. सार्थ अंकांच्या नियमात ही गोष्ट येत नाही. दोन्ही मापांत समाईक असलेली चूक वजाबाकी मारून टाकते. वेगवेगळ्या, सुट्या चुका मात्र साचून राहतात. तुमच्या प्रयोगात ब्लँक वजा करायला सांगतात ते याचसाठी.

कलियाना आणि कल्याणपूर यांच्या अक्षांशांतला फरक दोन वाटांनी निघाला. ताऱ्यांवरून ५ अंश २३ मिनिटं ३७.०५८ सेकंद. त्रिकोणांवरून, म्हणजे जमिनीवर मोजून, ५ अंश २३ मिनिटं ४२.२९४ सेकंद. सगळं सेकंदांत आणू: १.९४१७०५८ × १०^४ आणि १.९४२२२९४ × १०^४. फरक ०.०००५२३६ × १०^४, म्हणजे ५.२३६ सेकंद.

आठ अंकांचे चार झाले. जमिनीवर एक सेकंद म्हणजे साधारण एकतीस मीटर, तेव्हा हा फरक एकशे साठ मीटरच्या आसपासचा. सुमारे सहाशे किलोमीटरच्या कमानीत.

समजा, कुणी घाईत मधल्या पायरीवरच चार सार्थ अंकांपर्यंत गोळाबेरीज केली असती. दोन्ही संख्या १.९४२ × १०^४ झाल्या असत्या. वजाबाकी शून्य. पाच अंक ठेवले असते तर १.९४२२ आणि १.९४१७, फरक ५, एकच अंक. मधल्या पायऱ्यांत गोल करू नका असं सर ओरडून सांगतात त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. त्या काळी हे सगळं गणित सात घरांच्या लॉगरिथम कोष्टकांवर हाताने व्हायचं, आणि ते करणाऱ्या गणकांत राधानाथ सिकदर होते. त्यांनी शेवटची घरं टाकली असती तर पुढची गोष्ट घडलीच नसती.

एव्हरेस्टने १८४७ मध्ये हे आकडे छापले आणि ५.२३६ हा फरक मोजणीत साचलेली चूक समजून वाटून टाकला. कलकत्त्याचा आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट याला ते पटलं नाही. धर्मगुरू असला तरी केंब्रिजचा गणिती. त्याने विचारलं, हिमालय आणि तिबेटचं पठार यांच्या ओढीने ओळंबा किती कलायला हवा? १८५५ मध्ये त्याने उत्तर छापलं: कलियानाला २७.८५३ सेकंद, कल्याणपूरला ११.९६८ सेकंद आणि आमच्या दामरगिद्द्याला सुद्धा ६.९०९. पहिल्या दोघांतला फरक १५.८८५ सेकंद. म्हणजे वेधांत दिसायला हवा होता सुमारे सोळा सेकंदांचा फरक आणि दिसला पाचच. हिमालय जेवढा दिसतो तेवढा ओढत नव्हता.

त्याच वर्षी जॉर्ज एअरीने उत्तर सुचवलं. पाण्यावर ओंडके तरंगताना जो जास्त वर दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो. तसंच डोंगराखाली हलक्या खडकाचं मूळ खोल गेलेलं आहे आणि तिथे जड खडक कमी आहे, म्हणून ओढ कमी पडते. प्रॅटने पुढे स्वतःचं वेगळं स्पष्टीकरण दिलं. भूशास्त्रात ज्याला समस्थायित्व म्हणतात त्या कल्पनेची सुरुवात इथे आहे.

आता आपल्या कामाचा प्रश्न. १५.८८५ वजा ५.२३६ किती? घरं सारखी, तिसरं दशांश. नियमाने उत्तर १०.६४९. पाच सार्थ अंक! परीक्षेत हेच लिहा. पण प्रॅटचे आकडे बघा. त्याला तिबेटचं पठार किती उंच, किती लांब आणि किती जड हे अगदी तुटपुंज्या माहितीवरून धरावं लागलं होतं, आणि पुढे त्याने स्वतःच ते आकडे बदलले. त्या १५.८८५ मधला पहिला १ पक्का, ५ बरा, आणि ८८५ नुसते गणितातून गळून पडलेले. नियमाला हे कळत नाही. नियम गृहीत धरतो की लिहिलेला प्रत्येक अंक लिहिणाऱ्याला माहीत होता. कॅल्क्युलेटरही तेच गृहीत धरतो आणि मीही त्या एक्सेलमध्ये तेच धरलं होतं.

मग ५.२३६ चं काय? सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर तीन सेंटिमीटर. ताऱ्याकडे बघून तीन सेंटिमीटर सांगणं त्या यंत्रांना शक्य नव्हतं. पण अंदाज आपल्याला बांधता येतो, आणि तो बिदरच्या वजाबाकीवरूनच. ०.३५८ ला ४१,५७८ ने भागलं तर ८.६१ × १०^-६ येतात. त्रिकोणांची साखळी याच प्रमाणात चुकते असं ढोबळमानाने धरलं तर १९,४२२ सेकंदांच्या कमानीत चूक साधारण ०.१७ सेकंद. म्हणजे ५.२३६ मधला ५ भक्कम, २ संशयाचा आणि ३६ सोडून द्यायचे. ५.२ सेकंद म्हणा. प्रॅटने शोधलेली तफावत तरीही जागची हलत नाही, कारण ती तिसऱ्या दशांशावर उभीच नव्हती. पाच आणि सोळा यांतला फरक कळायला दोन अंक पुरतात. पण ते दोन अंक हाती यायला मूळ मापात सहा खरे अंक लागले.

याच सर्व्हेची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. १८५६ मध्ये वॉने शिखर पंधराची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट जाहीर केली. सांगतात की सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण लोकांना ती अंदाजे वाटेल म्हणून दोन फूट चढवले. गोष्टीतली अडचण खरी आहे: २९,००० मधली शून्यं मोजलेली की भरलेली हे कळत नाही. घातांकी मांडणीत २.९००० × १०^४ लिहिलं की प्रश्न मिटतो. आणि डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने नवी उंची ८,८४८.८६ मीटर जाहीर केली तेव्हा बातम्यांत काय आलं आठवतं? शिखर ८६ सेंटिमीटरने वाढलं. म्हणजे ८,८४८.८६ वजा ८,८४८. जुना आकडा मीटरपर्यंतच दिलेला, तेव्हा उत्तर एक मीटरच्या घरातच थांबतं. ८६ सेंटिमीटर त्या वजाबाकीत मावतच नाहीत.

सरावाला एक देतो. बिदरचं प्रमाण मी सोयीसाठी वापरलं, पण बिदर दक्षिण टोकाला आणि कलियाना उत्तरेला, तेव्हा खरं तर तपासायला उत्तरेची डेहराडूनची पायारेषा घ्यायला हवी. तिचे मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या लांबीचे दोन आकडे ३९,१८३.८७३ फूट आणि ३९,१८३.२७३ फूट. घातांकी मांडणीत लिहा, वजाबाकी करा. उत्तराच्या शेवटी दोन शून्यं येतील. ती ठेवायची की खोडायची हे ठरवा, मग प्रमाण काढून १९,४२२ ने गुणा आणि ५.२ मधला २ अजून उभा राहतो का ते बघा.